“हे तर नुसतं पोर्टिंग आहे”: पुण्यातल्या झेडएफएसची फेरतपासणी

तुमच्यापैकी जे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पीएचडी करायचं म्हणतायत, त्यांना एक वाक्य लवकरच ऐकावं लागणार आहे: “हे इंजिनीअरिंग झालं, यात रिसर्च कुठे आहे?” मला ते पहिल्याच प्रोग्रेस सेमिनारला ऐकायला मिळालं. समितीतले एक सर माझी स्लाईड बघून म्हणाले, “एका कर्नेलचा कोड दुसऱ्या कर्नेलवर चालवायचा, हे तर नुसतं पोर्टिंग आहे.” मी गप्प बसलो. सांगण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही, पण धड वाक्यात मांडता आलं नाही. ही पोस्ट म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा. आणि सरांचं काही अंशी बरोबर होतं, ही कबुलीसुद्धा यात आहे.

उदाहरण आपल्याच शहरातलं घेतो. २०१० मध्ये पुण्यातल्या केक्यू इन्फोटेक नावाच्या छोट्या कंपनीने झेडएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्स कर्नेलवर थेट चालवून दाखवली. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी झेडपूलच्या २८ व्या आवृत्तीपर्यंतचं रिलीज जाहीर केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एसटेक या अमेरिकन एसएसडी कंपनीने त्यांना विकत घेतलं आणि झेडएफएसचं काम तिथेच थांबलं. कोड गिटहबवर राहिला. त्यातलं काम पुढे लिनक्सवरच्या झेडएफएसच्या मुख्य पोर्टमध्ये मिसळलं. एवढीच गोष्ट. पण मी हा कोड आणि त्याच्या पुढची दहा वर्षं वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की या कामाबद्दल आपण ज्या दोन गोष्टी नेहमी बोलतो, त्या दोन्ही चुकीच्या जागी बोट ठेवतात.

पहिली गोष्ट लायसन्सची. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्सचं. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याचा सोर्स ओपनसोलारिसमधून खुला झाला, पण सीडीडीएल लायसन्सखाली. लिनक्स जीपीएलची दुसरी आवृत्ती वापरतं. दोन्ही खुले, तरी एकाच घरात नांदत नाहीत, असं बहुतेक जण मानतात. त्यामुळे झेडएफएस लिनक्सच्या मूळ सोर्समध्ये जात नाही, बाहेरचं मॉड्यूल म्हणूनच जगतं. २००६ मध्ये गूगल समर ऑफ कोडमधून फ्यूजवरचं झेडएफएस सुरू झालं, म्हणजे कर्नेलच्या बाहेर, यूजर स्पेसमध्ये. तो याच अडचणीला घातलेला वळसा होता.

दुसरी गोष्ट बेंचमार्कची. ईएक्सटी४ पेक्षा वेगवान की हळू? त्या काळात नेटवर सगळी चर्चा याच दोन गोष्टींभोवती फिरत होती. वेग मोजणं सोपं, लायसन्सवर भांडणं त्याहून सोपं. मधला थर मात्र कुणी उघडून बघत नव्हतं, आणि खरं काम तिथेच होतं.

थोडी पार्श्वभूमी लागेल. लिनक्सच्या कर्नेलमधलं झेडएफएस पुण्यात शून्यातून सुरू झालं नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ते आधीच सुरू केलं होतं. त्यांना हवं होतं लस्टर या समांतर फाइल सिस्टिमसाठी. आता गंमत बघा. लस्टरला झेडएफएसचे फक्त खालचे थर लागतात: डिस्कचा पूल, ऑब्जेक्ट्स, ट्रान्झॅक्शन्स. फाइल उघडा, फोल्डरची यादी दाखवा, परमिशन तपासा, असलं काही त्याला झेडएफएसकडून नको असतं. म्हणून प्रयोगशाळेच्या सुरुवातीच्या पोर्टमध्ये वरचा पॉसिक्स थर नव्हताच. झेडव्हॉल होतं, म्हणजे पूलमधून कापून दिलेली आभासी डिस्क. तुम्हीआम्ही माऊंट करून वापरू अशी फाइल सिस्टिम नव्हती. केक्यूने झेडव्हॉलचा पाया घेतला आणि ती रिकामी जागा भरली.

रिसर्च करणाऱ्याने इथे थांबून एक नोंद करावी. पोर्टमध्ये काय आहे आणि काय नाही हे तंत्राने ठरलं नव्हतं, ते कुणाला काय हवं होतं यावरून ठरलं होतं. एखाद्या पेपरात “आम्ही अमुक सिस्टिम पोर्ट केली” असं वाचलंत, तर पहिला प्रश्न हाच विचारा: कुठला भाग केला नाही, आणि तो कुणाला नको होता?

आता तो मधला थर. त्याचं नाव एसपीएल, सोलारिस पोर्टिंग लेअर, आणि तो लिव्हरमोरचा. झेडएफएसचा कोड सोलारिसच्या भाषेत बोलतो. लॉक घ्यायचं तर ‘म्यूटेक्स_एंटर’ म्हणतो. लिनक्समध्ये त्याला ‘म्यूटेक्स_लॉक’ म्हणतात. एसपीएल मध्ये उभं राहून एकाचं दुसरं करतं. थ्रेड, कामांच्या रांगा, कंडिशन व्हेरिएबल, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. सगळंच एवढ्यावर भागलं असतं, तर सरांशी माझा काही वाद नव्हता. नावं बदलण्यात रिसर्च नाही.

पण एक साधं वाटणारं नाव घ्या: ‘केएम_स्लीप’. सोलारिसमध्ये मेमरी मागताना हा शिक्का लावला की अर्थ असा: मेमरी नसेल तर मी झोपतो, मिळाली की उठवा, ‘नाही’ म्हणू नका. लिनक्समध्ये जवळचा शिक्का आहे ‘जीएफपी_कर्नेल’. तोही झोपू शकतो. शब्दकोशात दोन्ही समोरासमोर लिहिता येतात, आणि एसपीएलने सुरुवातीला साधारण तेच केलं. प्रोग्रॅम कंपाईल होतो. चालतो. टेस्ट पास होतात. मग एखाद्या रात्री मशीन मेमरीच्या ताणाखाली येतं आणि गोठतं.

का, ते सांगतो, कारण सगळी पोस्ट याच्यासाठी आहे. सोलारिसमध्ये मेमरी मोकळी करण्याचं मुख्य काम वेगळे थ्रेड करतात. मागणारा खरंच नुसता झोपतो. लिनक्समध्ये मेमरी कमी असेल तर मागणाऱ्यालाच कामाला जुंपतात. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात. जो थ्रेड मेमरी मागायला आला, त्यालाच कर्नेल सांगतं की आधी जुनी पानं डिस्कवर लिही, कॅश रिकामी कर, मग घे. ही साफसफाई करताना तो थ्रेड परत फाइल सिस्टिममध्ये शिरू शकतो. आणि आपला थ्रेड तर फाइल सिस्टिमच्या आतूनच आलेला आहे, हातात तिचीच लॉक धरून! दोन्ही हातांत उकळतं पातेलं धरलेल्या माणसाला म्हणायचं, “ठेवायला जागा हवी ना? मग ओटा तूच आवर.” तो आवरणार कसा, आणि ओटा आवरल्याशिवाय पातेलं ठेवणार कुठे? दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात. हाच डेडलॉक.

लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टिम्सना हे माहीत असतं. त्या नाजूक ठिकाणी ‘जीएफपी_नोएफएस’ वापरतात: मेमरी द्या, पण मला परत फाइल सिस्टिममध्ये पाठवू नका. झेडएफएसच्या मूळ लेखकांना मात्र असं काही लिहायची गरजच नव्हती. त्यांच्या कर्नेलमध्ये हा धोका या रूपात नव्हता. म्हणजे हवी असलेली माहिती मूळ कोडमध्ये लिहिलेलीच नाही. आणि जे लिहिलेलं नाही त्याचं भाषांतर कसं करणार? कम्पॅटिबिलिटी कोड लिहिणाऱ्याला ते कोडच्या ओळींत सापडणार नाही. दोन कर्नेलांनी काय गृहीत धरलंय, तिथून ते उकरून काढावं लागतं.

पुढे काय झालं ते याहून शिकवणारं आहे. सुरुवातीला धोक्याची एकेक जागा सापडेल तसा तिथला शिक्का हाताने बदलला, ‘केएम_स्लीप’ काढून ‘केएम_पुशपेज’ लावला. एक जागा बुजवली की दुसरी उघडी. शेवटी २०१५ च्या सुमारास दिशाच बदलली. प्रत्येक मागणीवर शिक्का मारण्याऐवजी थ्रेडवरच खूण करायची, की हा सध्या फाइल सिस्टिमच्या ट्रान्झॅक्शनमध्ये आहे. ती खूण आहे तोवर त्याच्या सगळ्या मागण्या आपोआप सुरक्षित. ही कल्पना झेडएफएसवाल्यांची स्वतःची नाही, एक्सएफएसमध्ये अशी खूण आधीपासून होती. २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ ने याच विचाराची सर्वसाधारण सोय कर्नेलमध्ये आणली, ‘मेमॲलॉक_नोएफएस_सेव्ह’ नावाने. बंधन एकेका मागणीवर घालायचं की संदर्भावर, हा प्रश्न मला तरी सरळसरळ रिसर्चचा वाटतो. आणि तो पोर्टिंग करणाऱ्यांच्या पुढ्यात आला, कारण दोन कर्नेलांच्या फटीत पाय त्यांचा अडकला होता.

केक्यूने उचललेला पॉसिक्स थर याच जातीचा, कदाचित जास्त अवघड. सोलारिसमध्ये फाइलचं प्रतिनिधित्व व्हीनोड करतो. लिनक्समध्ये तेच काम आयनोड आणि डेंट्री मिळून करतात, आणि नावांची कॅश ही लिनक्सच्या व्हीएफएसची स्वतःची मालमत्ता. तुमची फाइल सिस्टिम तिथे पाहुणी. एखादी फाइल मेमरीतून कधी जाणार हे सोलारिसमध्ये एका हिशोबाने ठरतं, लिनक्समध्ये दुसऱ्या. शेवटचा संदर्भ सुटला की आयनोड साफ होतो, आणि त्या सफाईत झेडएफएसला नवं ट्रान्झॅक्शन उघडावं लागू शकतं. ते भलत्या वेळी झालं तर पुन्हा ओटा आणि पातेलं. म्हणून लिनक्सवरच्या झेडएफएसमध्ये काही ठिकाणी संदर्भ लगेच सोडत नाहीत, वेगळ्या रांगेत टाकून नंतर सोडतात. कोड वाचताना “हे एवढं लांबून कशाला?” असं वाटतं. कारण कळलं की अंगावर काटा येतो.

सगळे दोष पोर्टचे नाहीत, हेही नोंदवायला हवं. झेडएफएसची कॅश, म्हणजे एआरसी, लिनक्सच्या पेज कॅशपासून वेगळी राहते. एमॅप केलेली फाइल दोन्हीकडे साठते, लिहिताना दोन्हीकडे सांभाळावी लागते. लोक याचं खापर लिनक्सच्या पोर्टवर फोडतात. पण हे दुहेरी घर सोलारिसमध्येही होतंच. लिनक्सवर ते जास्त खुपतं, कारण ‘फ्री’ कमांड एआरसीला कॅश न म्हणता वापरलेली मेमरी म्हणते, आणि नवा वापरकर्ता घाबरतो.

कर्नेल स्टॅकचं थोडक्यात: सोलारिसचा मोठा, ६४ बिट लिनक्सचा तेव्हा फक्त ८ केबी, आणि झेडएफएसचा कोड खोल खोल उतरणारा. २०१४ च्या लिनक्स ३.१५ ने तो १६ केबी केला, तोपर्यंत कसरत चालू होती.

मग बाहेर राहण्याची किंमत. लिनक्स कर्नेलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवायचे नाहीत, हे त्यांचं उघड धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं त्यावरचं टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच आहे, जरूर वाचा. त्यांचं म्हणणं असं की ड्रायव्हर मूळ सोर्समध्ये आणा, मग इंटरफेस बदलणारा तुमचा कोडही दुरुस्त करून देईल. ड्रायव्हरवाल्यांना हे पटण्यासारखं आहे. झेडएफएसला लायसन्समुळे तो दरवाजा बंद. परिणाम बघायचा असेल तर झेडएफएसच्या सोर्समधलं ‘कॉन्फिग’ फोल्डर उघडा. ‘कर्नेल’ने सुरू होणाऱ्या छोट्या छोट्या फाइल्सची रांग दिसेल. प्रत्येक फाइल एकच प्रश्न विचारते: या कर्नेलमध्ये अमुक फंक्शनला दोन आर्ग्युमेंट आहेत की तीन? छोटा प्रोग्रॅम कंपाईल करून बघतात, त्यावरून उत्तर. लिनक्स कुठे कुठे बदललं याची इतकी प्रामाणिक डायरी दुसरीकडे सापडणं कठीण.

२०१९ मध्ये लिनक्स ५.० ने एफपीयू वापरण्याचं एक फंक्शन काढलं. उरलेलं फक्त जीपीएल मॉड्यूल्ससाठी खुलं होतं. झेडएफएसची चेकसम आणि रेड-झेडची गणितं प्रोसेसरच्या वेगवान सूचना वापरतात, त्यांची वाटच बंद झाली. काही काळ ती सोय नव्या कर्नेलवर सोडून द्यावी लागली, मग एफपीयूची स्थिती स्वतः जपणारा कोड लिहून परत आणली. म्हणजे लायसन्सची गोष्ट शेवटी आलीच. फक्त ती कोर्टातून आली नाही, कंपायलरच्या एररमधून आली.

आता आपल्या क्षेत्रातल्या पेपरांकडे. चौ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की लिनक्सच्या ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकी कर्नेलच्या तिप्पट ते सातपट आहे. त्यानंतर ड्रायव्हर सुरक्षित कसे करायचे यावर पेपरांची रांग लागली. बहुतेकांचं गृहीत एकच: ड्रायव्हर ठरलेल्या वर्गातले असतात, ठरलेल्या इंटरफेसने बोलतात, स्वतः फारसा हिशोब करत नाहीत. २०१२ मध्ये असीम कडव आणि मायकेल स्विफ्ट यांनी लिनक्सचे ड्रायव्हर खरंच बसून तपासले. निदान ४४ टक्के ड्रायव्हरमध्ये वर्गाच्या व्याख्येबाहेरचा कोड निघाला, आणि १५ टक्के ड्रायव्हर डेटावर बऱ्यापैकी हिशोब करताना सापडले. हा पेपर माझ्या टेबलावर कायम असतो. नवी सिस्टिम न बांधता, इतरांनी काय गृहीत धरलं होतं ते तपासूनही चांगलं काम होतं, याचा हा पुरावा. पाडिओलो, लॉल आणि म्युलर यांचा २००६ चा पेपरही वाचा. इंटरफेस बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या ड्रायव्हरना मागोमाग बदलावं लागतं, या फरफटीला त्यांनी नाव दिलं, ती मोजली, आणि त्यातूनच पुढे कॉक्सिनेल हे हत्यार निघालं. ‘नुसत्या मेंटेनन्स’मधूनच निघालं.

तरी माझी एक तक्रार आहे. हे अभ्यास मुख्यतः मूळ सोर्सच्या आतला कोड बघतात. तो हाताशी असतो, इतिहास एका जागी असतो. बाहेर राहणारा कोड, जिथे दोन कर्नेलांची गृहीतकं एकमेकांवर घासतात, तो नमुन्याबाहेर राहतो. ज्याला सगळ्यात जास्त सोसावं लागतं तोच मोजणीत नाही.

आणि केक्यूबद्दल माझं मत? काम धाडसाचं होतं, आणि जागा अचूक निवडली होती. लिव्हरमोरला जे नको होतं आणि बाकी सगळ्यांना हवं होतं, तेच त्यांनी केलं. पण गिटहबवरचा तो कोड वाचताना माझी चिडचिड होते. ‘कसं’ प्रत्येक ओळीत आहे, ‘का’ फार थोड्या ठिकाणी. इथे संदर्भ नंतर का सोडला, हे लॉक आधी का घेतलं, कुठल्या डेडलॉकने कुणाची रात्र खाल्ली, हे त्या टीमला नक्की माहीत असणार. कंपनी विकली जाते, माणसं पांगतात, प्रश्न बदलतात. यात दोष त्यांचा म्हणवत नाही, रिलीज काढायचं असताना टिपणं कोण लिहितं! पण पुण्यात स्टोरेज आणि कर्नेलवर काम करणाऱ्या इतक्या कंपन्या आणि बाजूलाच इतकी कॉलेजं असताना, त्या ‘का’ची विचारणा करायला आमच्यातला एखादा विद्यार्थी पाठवावा असं वाटायला हवं होतं. आम्ही नवीन अल्गोरिदमच्या शोधात होतो.

सरांचं बरोबर होतं ते इथे. माझ्या त्या स्लाईडवरही ‘कसं’च होतं. कुठलं फंक्शन कशाने बदललं याची दोन रकान्यांची यादी. ती यादी म्हणजे खरंच नुसतं पोर्टिंग.

तुम्हाला हात घालायचा असेल तर व्हर्च्युअल मशीन घ्या, मेमरी १ जीबीवर आणा, झेडएफएस चढवा आणि लहान लहान फाइल्सचं मोठं टार उलगडत बसवा. दुसऱ्या टर्मिनलवर ‘फ्री’ आणि एआरसीचे आकडे शेजारी शेजारी लावा. मग ‘एसपीएल_एफएसट्रान्स_मार्क’ हे फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधा आणि प्रत्येक जागेची हिस्टरी काढा. मी ती यादी तीन रकान्यांची केलीय: सोलारिस काय धरून चालतं, लिनक्स काय धरून चालतं, आणि फरक कुणाला, कधी कळला. तिसऱ्या रकान्यात अजून निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या आहेत. पुढचा सेमिनार दिवाळीनंतर आहे.